गांडुळातलं पिवळं पाणी

गांडूळखताच्या टाकीतलं लालसर, पट्ट्यापट्ट्यांचं एखादं गांडूळ उचलून बोटांत जरा जास्त दाबून धरलं, की त्याच्या पाठीवर पिवळसर पाण्याचे बारीक थेंब येतात. वास घाण असतो. बहुतेक जण इथे 'ईऽऽ' करून हात धुवायला पळतात आणि विषय संपतो. या वासावरूनच त्या जातीला आयसेनिया फेटिडा हे नाव पडलं; लॅटिनमध्ये फेटिडा म्हणजे घाण वास येणारी. पण हे पाणी म्हणजे घाम नाही, लघवी नाही आणि रक्तही नाही. रक्त गांडुळाला वेगळं असतं, आपल्यासारखंच लाल. हे पाणी त्याच्या देहगुहेतलं असतं, आणि त्यात असंख्य जिवंत पेशी पोहत असतात. हा लेख त्या पेशींबद्दल आहे.

आता तुम्ही म्हणाल, इंजिनिअरिंगच्या अंकात हे झूऑलॉजी कुठून आलं? अकरावीला बायॉलॉजीला रामराम ठोकून आलेली मंडळी आपण. मी स्वतः ई अँड टीसीची, शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे 'लयकारिका', 'तंतुकणिका' हे शब्द मला माझ्या रूममेटने शिकवले. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली आहे आणि तिला माझ्यापेक्षा बायॉलॉजी आणि मराठी दोन्ही जास्त येतं. जिथे मराठी शब्द मिळाला तिथे तो घेतला आहे, नाही मिळाला तिथे इंग्रजी नाव जसं ऐकू येतं तसं लिहिलं आहे. पण विषय निवडायला कारण आहे. मेसमागच्या गांडूळखताच्या टाक्यांवरून सध्या हॉस्टेलमध्ये जो वाद चालू आहे, त्याचं उत्तर या पेशींमध्ये सापडतं असं मला वाटतं. वादाकडे पुढे येते. आधी प्राणी समजून घेऊ.

गांडूळ, जळू आणि समुद्राच्या वाळूत राहणारे नेरीससारखे किडे हे सगळे वलयी प्राणी. शरीर म्हणजे एकापुढे एक लावलेली वलयं. आणि रचना म्हणाल तर नळीत नळी. बाहेरची नळी कातडी आणि स्नायूंची, आतली नळी तोंडापासून शेपटीपर्यंत गेलेल्या आतड्याची. दोन्हींच्या मधे जी पोकळी राहते ती देहगुहा. ती सलग नसते. जवळजवळ प्रत्येक वलयाच्या सांध्यावर एक पातळ पडदा आडवा असतो, त्यामुळे रेल्वेच्या डब्यांसारखे कप्पे तयार होतात. आपल्या बागेत सापडणाऱ्या देशी गांडुळात (पुस्तकांतलं नाव फेरेटिमा पोस्थुमा, नवं नाव मेटाफायर पोस्थुमा) अशी १०० ते १२० वलयं असतात, आणि त्याच्या मागच्या भागातल्या पडद्यांना बारीक छिद्रंही असतात, म्हणजे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जायला दार. या गांडुळाचा बारीकसारीक अभ्यास लखनौचे प्राध्यापक कर्म नारायण बहल यांनी केला. १९२६ साली त्यांनी त्याच्यावर लिहिलेली पुस्तिका आपल्या देशात झूऑलॉजी शिकणाऱ्या कित्येक पिढ्यांनी वापरली.

गांडुळाला हाड नाही. मग ते माती फोडून आत शिरतं कसं? देहगुहेतल्या पाण्याच्या जोरावर. वलयाभोवतीचे गोल स्नायू आवळले की वलय बारीक होऊन लांबतं. उभे स्नायू आवळले की ते आखूड होऊन फुगतं. पाणी दाबून लहान होत नाही, ते फक्त आकार बदलतं, आणि तो आकारच मातीला ढकलतो. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये पास्कलचा नियम आपण पाठ केला, गांडूळ तो पावसाळाभर वापरत असतं. मेकॅनिकलच्या पोरांना यात सरळ हायड्रॉलिक सिलिंडर दिसेल, आणि ते बरोबरच आहे. फक्त मेकॅनिकलचा कुठलाही शहाणा पोरगा पुढचा प्रश्न विचारेल: सील कुठे आहे?

सील नाही! हीच तर गंमत आहे. देशी गांडुळाच्या पाठीवर, बाराव्या आणि तेराव्या वलयाच्या मधल्या खाचेपासून मागे प्रत्येक खाचेत एक बारीक भोक असतं. ती भोकं स्नायूंनी मिटतात आणि उघडतात. त्यातून देहगुहेतलं पाणी बाहेर येतं आणि कातडी ओली राहते. गांडुळाला फुप्फुस नाही, ते कातडीनेच श्वास घेतं, आणि कोरड्या कातडीतून ऑक्सिजन आत जात नाही. म्हणून गळती ही त्याची गरज आहे. पण ज्या वाटेने पाणी बाहेर जातं त्याच वाटेने बाहेरचं आत येऊ शकतं. आणि बाहेर काय आहे? माती. एका ग्रॅम मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, वर बुरशी, सूत्रकृमी, आदिजीव. आपल्या पोटाची पोकळी अशी मातीला उघडी असती तर आठवड्याच्या आत आपला निकाल लागला असता. गांडूळ मात्र काही जातींत वर्षानुवर्षं जगतं. त्याच्याकडे आपल्यासारखी अँटिबॉडी नाही, लसीकरण नाही. जे आहे ते पाण्यात तरंगणाऱ्या या पेशी, आणि त्या पाण्यात सोडतात ते पदार्थ. या पेशींना सीलोमोसाईट म्हणतात. मी पुढे त्यांना देहगुहापेशी म्हणणार आहे.

पेशी बघायच्या तर थेंब हवा, आणि थेंबासाठी गांडुळाला मारावं लागत नाही. याच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्ही मला फार आवडल्या. पहिली आमच्या ब्रँचची: साडेचार व्होल्टचा डीसी झटका. म्हणजे तीन पेन्सिल सेल सिरीजमध्ये. ओल्या गांडुळाला थोडा वेळ तो दिला की ते आकसतं, आतला दाब वाढतो आणि पाठीच्या भोकांतून पिवळं पाणी बाहेर येतं. दुसरी पद्धत १९९१ साली छापून आली. त्यात सलाईनमध्ये पाच टक्के अल्कोहोल घालतात, थोडं ईडीटीए घालतात म्हणजे पेशी एकमेकींना चिकटत नाहीत, आणि वर ग्वायफेनेसिन. हे ग्वायफेनेसिन कुठे पाहिलंय असं वाटत असेल तर टेबलावरची खोकल्याच्या औषधाची बाटली फिरवून मागचं लेबल वाचा. आपल्या छातीतला कफ जे पातळ करतं तेच इथे गांडुळाचा बुळबुळीत स्राव पातळ करायला वापरलं आहे. गांडूळ नंतर धुऊन परत मातीत सोडायचं. ते जगतं, पण गमावलेल्या पेशी भरून यायला काही आठवडे लागतात. हा हिशेब लक्षात ठेवा. पाठीवरून पाणी फेकणं हा गांडुळाचा बचाव आहे खरा, पण फुकटचा नाही. एका फटक्यात दाब, पाणी आणि सैन्य, तिन्ही खर्ची पडतात.

सिव्हिलच्या एन्व्हायर्नमेंट लॅबमध्ये सांडपाणी तपासायला मायक्रोस्कोप आहे. त्याखाली ४०० पटीत तो थेंब धरला की दोन तऱ्हेच्या पेशी कुणालाही ओळखता येतात, बायॉलॉजी सोडलेल्यालाही.

पहिल्या तऱ्हेच्या पेशी फिकट, जवळपास पारदर्शक. सुरुवातीला गोल दिसतात. पाचदहा मिनिटं जाऊ द्या. काचेला चिकटल्यावर त्या पसरायला लागतात, कडेने पाकळ्यांसारखे किंवा धाग्यांसारखे पातळ पाय बाहेर काढतात. हे पाय कायमचे नसतात, पेशीच्या आतला द्रव तिकडे ढकलला जाऊन तयार होतात आणि परत आत ओढले जातात. अमीबासारखं वागणं, म्हणून नाव अमीबोसाईट. काहींच्या पोटात बारीक कण भरपूर असतात, काहींचं पोट स्वच्छ असतं. थोड्या वेळाने त्या एकमेकींना चिकटून घोळका करतात. ईडीटीए कशाला लागतं ते इथे समजतं.

दुसऱ्या तऱ्हेच्या पेशी बहुधा मोठ्या, आणि पिवळ्या कणांनी गच्च भरलेल्या. मेसमध्ये साबुदाण्याच्या खिचडीचा मूद पाडतात तशा. या इलिओसाईट. त्या जन्माने देहगुहेतल्या नाहीत. गांडुळाच्या आतड्याभोवती आणि पाठीकडच्या रक्तवाहिनीभोवती पिवळ्या-हिरवट पेशींचा एक थर असतो, त्याला क्लोरॅगोजेन ऊती म्हणतात. त्या थरातून सुटून ज्या पेशी पाण्यात येतात त्या इलिओसाईट. अमीबोसाईट मात्र देहगुहेच्या अस्तरापासून तयार होतात असं मानलं जातं.

इलिओसाईटची एक जादू आमच्या ब्रँचच्या लोकांनी तरी बघायलाच हवी. निळ्या प्रकाशात त्या आपोआप हिरवट चमकतात, कुठलाही रंग न घालता. कारण त्यांच्यात रायबोफ्लेविन साठवलेलं असतं, म्हणजे व्हिटॅमिन बी-टू. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी गर्द पिवळी होते ना? तेच द्रव्य. ते ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतं आणि ५२५च्या आसपासचा हिरवा परत देतं. मोठ्या प्रयोगशाळांत याच चमकेचा उपयोग करून फ्लो सायटोमीटर नावाचं यंत्र पेशी मोजतं: चमकल्या त्या इलिओसाईट, नाही चमकल्या त्या अमीबोसाईट. जातीजातीत फरकही याच पद्धतीने कळला. आयसेनियाच्या पाण्यात या पिवळ्या पेशी भरपूर, तर युरोपातल्या मोठ्या लुंब्रिकस टेरेस्ट्रिस या गांडुळात जवळपास नाहीतच.

नावांचा मात्र आनंदीआनंद आहे. आपल्याकडच्या झूऑलॉजीच्या पुस्तकांत देशी गांडुळाच्या चार देहगुहापेशी दिलेल्या असतात: भक्षक पेशी, गोल केंद्रकाच्या पेशी, श्लेष्म पेशी आणि क्लोरॅगोजेन पेशी. नव्या लेखनात बहुतेक ठिकाणी दोनच मोठे गट दिसतात, आणि अमीबोसाईटचे मग पोटप्रकार. जुनी विभागणी पेशी दिसते कशी यावर झाली, नवी ती करते काय यावर. मला नवी पटते, कारण पेशी रूप बदलते. एकीला तुम्ही खायच्या आधी बघितलं तर ती एका प्रकारात जाईल, खाल्ल्यावर बघितलं तर दुसऱ्या. परीक्षेला बसणाऱ्यांनी अर्थात पुस्तकात असेल तेच लिहावं.

आता खाण्याकडे वळू. १८८२ साली इटलीतल्या मेसिना गावी इल्या मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला होता. त्यावरून त्याने सांगितलं की काही पेशी परक्या वस्तूला वेढून खातात आणि शरीराचं रक्षण असं होतं. १९०८ साली त्याला पॉल एर्लिकबरोबर नोबेल मिळालं. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी हे काम करतात हे आज शाळेतली मुलंही सांगतात, पण ही कल्पना जन्मली ती पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यात. गांडुळाची अमीबोसाईट अगदी तेच करते. जिवाणू चिकटला की पेशीचे पातळ पाय त्याच्याभोवती चढतात, दोन्ही बाजूंनी मिटतात आणि जिवाणू एका पिशवीत बंद होऊन आत जातो. मग त्या पिशवीला लयकारिका येऊन मिळतात. लयकारिका म्हणजे पेशीतल्या आम्ल आणि पाचक रसाच्या बारीक थैल्या. जिवाणूचा चुरा होतो.

पण आत आलेली वस्तू पेशीपेक्षा कितीतरी मोठी असेल तर? समजा सूत्रकृमी आहे, किंवा गांडुळाचाच तुटलेला काटा. (गांडुळाच्या प्रत्येक वलयावर पकड घ्यायला बारीक काटे असतात.) तिथे एकटीचं काम नाही. मग अमीबोसाईट त्याच्यावर थरावर थर चढवतात, वडीलधारी मंडळी रागावलेल्या माणसाला चहूबाजूंनी धरून बसवतात तशा. आतल्या थरातल्या पेशी मरतात, गडद रंगद्रव्य तयार होतं, आणि तपकिरी गाठ बनते. या गाठी पाण्याबरोबर सरकत शेपटीकडच्या कप्प्यांत साठतात. काही गांडुळं पुढे शेपटीचा तो तुकडाच टाकून देतात! कचरा तिथल्या तिथे जाळण्यापेक्षा गोळा करून, बांधून, गावाच्या टोकाला नेऊन टाकण्याची ही पद्धत आपल्या नगरपालिकांनी बघण्यासारखी आहे. या गाठी कापून बघितल्या तर आत मेलेल्या पेशी, काटे, जिवाणू आणि मोनोसिस्टिस नावाच्या परजीवीच्या पुटकुळ्या सापडतात.

खाणं आणि बांधणं यांच्या जोडीला तिसरं हत्यार पाण्यात विरघळलेलं असतं. देहगुहापेशी पाण्यात प्रथिनं सोडतात. त्यातलं एक जिवाणूंच्या आणि बुरशीच्या भिंतीवरची साखरेची साखळी ओळखून तिला चिकटतं आणि पुढची यंत्रणा जागी करतं. दुसरं त्याहून गाजलेलं, लायसेनिन. हे १९९०च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांना सापडलं, तेही उंदराच्या रक्तवाहिनीचा स्नायू आकसवणारं द्रव्य म्हणून. नंतर कळलं की ते पेशीच्या पापुद्र्यातल्या स्फिंगोमायलिन या एकाच प्रकारच्या स्निग्ध रेणूला धरतं. धरल्यावर लायसेनिनचे नऊ रेणू एकत्र येऊन गोल कडं करतात आणि पापुद्र्याला आरपार भोक पाडतात. त्या कड्याची रचना २०१६ साली अणूंच्या पातळीवर उलगडली गेली. भोक पडलेली पेशी फुटते. पाठीच्या कण्याच्या प्राण्यांच्या पेशींत स्फिंगोमायलिन भरपूर असतं, म्हणून त्यांच्या तांबड्या पेशी या पाण्यात टाकल्या तर फुटतात. तेव्हा 'ईऽऽ' करून हात धुणारे लोक अगदीच चुकीचे नव्हेत. डोळ्याला मात्र तो हात लावू नका.

आपलं आणि परकं हा भेदही या पेशींना कळतो. एडविन कूपर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात गांडुळांवर कातडीची कलमं करून पाहिली. स्वतःच्याच कातडीचा तुकडा दुसरीकडे लावला तर तो जगला. दुसऱ्या जातीच्या गांडुळाचा लावला तर देहगुहापेशी तिथे गोळा झाल्या आणि तो तुकडा नष्ट झाला. काही प्रयोगांत दुसऱ्यांदा लावलेला परका तुकडा आणखी लवकर गेला. याला स्मरणशक्ती म्हणायचं की नाही यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. मला विचाराल तर जीटी न बघताही ज्याला मागच्या सेमचं आठवतं, त्याला स्मरणशक्ती आहे असंच मी म्हणेन.

चुलत भावंडांबद्दल दोनच ओळी, कारण तो वेगळा लेख होईल. नेरीसमध्ये इलिओसाईट अंड्यांतल्या बलकाचं प्रथिन तयार करतात, म्हणजे तिथे त्या स्वयंपाकघरात आहेत. ग्लायसेरा या समुद्री किड्यात हिमोग्लोबिन देहगुहापेशींमध्येच भरलेलं असतं. गांडुळात ते रक्तात नुसतं विरघळलेलं असतं. जळवेत तर देहगुहाच ऊतींनी भरून अरुंद नळ्यांपुरती उरली आहे.

आता पिवळ्या पेशींकडे परत जाऊ, कारण वादाची गोष्ट तिथे आहे. क्लोरॅगोजेन ऊतीला गांडुळाचं यकृत म्हणतात. ती ग्लायकोजेन आणि चरबी साठवते, जुन्या हिमोग्लोबिनची मोडतोड करते, प्रथिनांतला नायट्रोजन वेगळा काढून अमोनिया आणि युरिया बनवते. तिच्या पेशींत जे पिवळे कण दिसतात, साधारण मायक्रॉनभराचे, त्यांना क्लोरॅगोसोम म्हणतात. त्यांच्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट खच्चून भरलेलं असतं. आणि गांडुळाने खाल्लेल्या मातीत शिसं असेल तर ते शिसं याच कणांत येऊन फॉस्फेटला बांधलं जातं. जस्तही बऱ्याच अंशी इथेच येतं. वेल्समधल्या जुन्या शिशाच्या खाणींच्या परिसरात लुंब्रिकस रुबेलस जातीची गांडुळं शिशाने भरलेल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या जगत आली आहेत. कार्डिफ विद्यापीठातल्या लोकांनी ती तपासली, तेव्हा शिसं मुख्यतः क्लोरॅगोजेन ऊतीत, या कणांमध्ये सापडलं.

याचा अर्थ नीट समजून घ्या. गांडुळाने शिसं नाहीसं केलेलं नाही. शिसं हे मूलद्रव्य आहे, कुठलाही प्राणी ते पचवू शकत नाही. गांडुळाने ते कपाटात कोंबून दार लावलं आहे, आपण हॉस्टेल इन्स्पेक्शनच्या दिवशी करतो तसं. खोली स्वच्छ दिसते. कपाट कुणी उघडत नाही तोपर्यंत.

आणि आता वाद. आमच्या लॅबची झाडलोट कागद आणि पालापाचोळ्याबरोबर गोणीत भरली जाते आणि गोणी टाकीत रिकामी होते. त्या झाडलोटीत सोल्डरचे थेंब असतात, रेझिस्टरचे कापलेले पाय असतात. लॅबमधलं आपलं सोल्डर साठ-चाळीसचं आहे, म्हणजे चाळीस टक्के शिसं. टाकीतलं खत मेसमागच्या मेथी-पालकाच्या वाफ्यांत जातं, आणि ती भाजी कुठे जाते ते सांगायला नको. हॉस्टेल कमिटीत हा मुद्दा निघाला तेव्हा उत्तर मिळालं ते असं: "गांडुळं मजेत आहेत, दुप्पट झाली आहेत. काही वाईट असतं तर ती आधी मेली असती." ऐकायला बिनतोड वाटतं. शेतकऱ्याचा मित्र म्हणून निबंधात लिहितो तो प्राणी, तो जगतोय म्हणजे माती चांगली, असं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं आहे.

वर सांगितलेल्या पिवळ्या कणांनंतर हे उत्तर टिकत नाही. गांडूळ जगतंय याचा अर्थ एवढाच की कपाटात अजून जागा आहे. उलट आकडेमोड करा, मास बॅलन्स, सेकंड इयरचा. समजा टाकीत १०० किलो कचरा घातला आणि त्याचं ४० किलो खत झालं. बाकीचं कार्बन डायऑक्साईड आणि वाफ होऊन उडून गेलं. शिसं उडत नाही. कचऱ्यात जेवढे ग्रॅम होतं तेवढेच ग्रॅम टाकीत आहे, म्हणजे किलोमागे प्रमाण अडीच पट झालं. त्यातलं काही गांडुळांच्या अंगात, आणि ती मेली की परत खतात. सोल्डरचा गोळा एका दिवसात विरघळत नाही हे खरं, पण ओल्या, आम्लं असलेल्या कचऱ्यात तो हळूहळू झिजतो, आणि आपली टाकी वर्षभर ओलीच असते.

मग गांडुळाला विचारायचं कसं? त्याच्या पेशीला विचारायचं. यासाठी एक पद्धत आहे, १९९६ साली गांडुळासाठी मांडलेली, आणि ती इतकी सोपी आहे की आपल्या लॅबमध्ये होऊ शकते. न्यूट्रल रेड नावाचा लाल रंग असतो. तो पेशीच्या पापुद्र्यातून आत जातो आणि लयकारिकेत अडकतो, कारण तिथल्या आम्लात त्याला विद्युतभार मिळतो आणि भार मिळालेला रेणू परत बाहेर पडू शकत नाही. सुरुवातीला मायक्रोस्कोपखाली पेशीत लाल ठिपके दिसतात, बाकी पेशी स्वच्छ. पेशी निरोगी असेल तर ठिपके बराच वेळ तसेच राहतात. तिला धातूचा किंवा कीटकनाशकाचा त्रास झालेला असेल तर लयकारिकेचा पापुद्रा कमजोर झालेला असतो, रंग गळतो आणि सगळी पेशी गुलाबी होते. निम्म्या पेशी गुलाबी व्हायला किती मिनिटं लागली, तेवढंच मोजायचं. ई अँड टीसीच्या भाषेत सांगायचं तर हा लीकी कपॅसिटर आहे: चार्ज किती वेळ टिकतो यावरून डायइलेक्ट्रिक कसं आहे ते कळतं. गांडूळ मरायच्या, त्याचं वजन घटायच्या, अंडकोश कमी व्हायच्या कितीतरी आधी हा वेळ कमी होतो. बाहेरून मजेत दिसणाऱ्या प्राण्याच्या आत काय चाललं आहे, ते मिनिटांत दिसतं.

एक सावधगिरी मात्र हवी. तुलना एकाच जातीच्या गांडुळांची करायची, कारण इलिओसाईट किती आणि अमीबोसाईट किती हे जातीगणिक बदलतं. टाकीतल्या आयसेनियाची तुलना ग्राउंडवरच्या देशी गांडुळाशी केली तर निकालाला अर्थ नाही. ज्या टाकीत फक्त मेसचा भाजीपाला जातो तिथली दहा आणि ज्या टाकीत लॅबची गोणी रिकामी होते तिथली दहा, असं घ्यावं लागेल. थेंब काढल्यावर लगेच रंग घालायचा, दर दोन-तीन मिनिटांनी बघायचं, आणि बघणाऱ्याला कुठली काचपट्टी कुठल्या टाकीची हे सांगायचं नाही. नाहीतर डोळ्यांना हवं तेच दिसतं. यात कळेल ते एवढंच की पेशींना त्रास आहे की नाही. तो शिशाचाच आहे का, आणि खतात शिसं किती, हे सांगायला बाहेरच्या प्रयोगशाळेत खताचा नमुना द्यावा लागतो. पण दोन टाक्यांत फरक दिसला तर नमुना पाठवायचा खर्च कमिटीकडे मागता येतो.

सिव्हिलच्या मॅडमनी शनिवारी दुपारी मायक्रोस्कोप वापरायला परवानगी दिली आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी स्टॉपवॉच आणि भरपूर चिकाटी घेऊन यावं, बायॉलॉजी यायची अट नाही. आमच्या लॅब असिस्टंट काकांनी सोल्डरच्या झाडलोटीसाठी पत्र्याचा झाकणाचा डबा कोपऱ्यात ठेवला आहे, तो वापरा. आणि निकाल येईपर्यंत दुसऱ्या टाकीतलं खत मेथीला न घालता गेटजवळच्या गुलमोहरांना घालावं, असा अर्ज मी आणि माझ्या रूममेटने रेक्टर मॅडमकडे दिला आहे. सही करायची असेल तर खोली नंबर आमच्या मजल्यावर कुणालाही विचारा.